आगळ, रक्त आणि माप

गेल्या मे महिन्यात मसुऱ्याला आमच्या घराच्या पडवीत मी एक जुनं सुती लुगडं चार घड्या करून अंथरलं, कोकमाचं आगळ पाण्यात कालवून त्यावर ओतलं आणि समोर बसलेल्या सहा जणींना विचारलं, ‘‘किती?’’

सहा जणींत दोन माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका, एक अजून नोकरीत असलेली एएनएम आणि तीन आशाताई. उत्तरं आली ती अशी : पाव लिटर, तीनशे मिलिलिटर, पुन्हा पाव लिटर. एक आशाताई लुगड्याला बोट लावून म्हणाली, ‘‘दोन पेले असतले, जास्त नाय.’’ सर्वांत मोठा आकडा आला चारशेचा. तो एएनएमचा होता, आणि तो सांगतानाही आपण उगाच वाढवून तर सांगत नाही ना, अशी शंका तिच्या चेहऱ्यावर होती. मी सकाळी स्वयंपाकघरात मापाने मोजून ठेवलं होतं साडेसातशे मिलिलिटर. (एवढं आगळ वाया घालवलं म्हणून आमच्या वहिनी दिवसभर धुसफुसत होत्या, ते वेगळं.)

हा खेळ मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागल्यापासून ठिकठिकाणी खेळवत आले. आगळ नसेल तिथे रंगाचं पाणी. निकाल सहसा असाच लागतो. डॉक्टरांना बसवलं तरी आकडा फारसा सुधारत नाही, फक्त सांगणाऱ्याचा आवाज मोठा होतो. बाळंतपणातल्या आणीबाणीचं प्रशिक्षण म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला मी आधी हे लुगडं दाखवते. औषधांची नावं नंतर.

नऊ महिने भरलेल्या गर्भपिशवीतून दर मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. बाळापाठोपाठ वार सुटते, तेव्हा तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्यांची जखम राहते. ती जखम शिवायला कुणी जात नाही. गर्भपिशवीच ती बंद करते. तिचे स्नायू एकमेकांत जाळीसारखे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीतून जातात. स्नायू आवळले की वाहिन्यांना गाठ बसते. अशी आवळलेली पिशवी ओटीपोटावर हात ठेवला तर सोललेल्या नारळासारखी टणक लागते. ती सैल राहिली, आत वारेचा तुकडा अडकला, कुठे फाटलं किंवा रक्त गोठेनासं झालं, तर धार थांबत नाही. या चारांत पिशवी सैल पडणं हेच सर्वाधिक, दहांतल्या सुमारे सात वेळा.

बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणायचं, ही पुस्तकातली व्याख्या. बाई धडधाकट असेल तर ती एवढं सोसते. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्यासाठी पाचशेच्या आतही धोका सुरू होऊ शकतो. अतिरक्तस्राव सुरू झाला आणि काहीच उपाय झाला नाही, तर मृत्यूपर्यंतचा सरासरी अवधी दोन तासांचा धरतात. बाळंतपणातल्या झटक्यांत तो दोन दिवसांचा असतो, जंतुसंसर्गात सहा दिवसांचा. गाडी बोलावणं, घाट किंवा खाडी ओलांडणं, रक्ताची पिशवी मिळवणं हे सगळं दोन तासांत बसवायचं असेल, तर पहिली दहा मिनिटं ज्या बाईच्या हातात असतात तिच्यावर सगळं येऊन ठेपतं. ती बाई बहुधा नर्स असते.

ती बाई एकदा मी होते. साल १९८४, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. कोकणातलाच एक ग्रामीण दवाखाना. रात्रपाळीला मी आणि एक आया. तिसरं बाळंतपण, बाळ छान रडलं, वारही पडली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘रक्तस्राव – साधारण’. बाई पाणी मागू लागली, थंडी वाजते म्हणाली. मी तिच्या अंगावर घोंगडी घातली. घोंगडीखाली काय चाललं होतं ते मला थोड्या वेळाने कळलं. कळल्यावर मी काय केलं? डॉक्टरांना उठवायला त्यांच्या क्वार्टरकडे स्वतः धावले. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मेथर्जिनची अँप्यूल त्या कपाटात होती. पण डॉक्टरांच्या हुकमाशिवाय ती टोचायची नाही असं आम्हांला बजावलेलं होतं. मी धावत असताना त्या बाईच्या पोटावर कुणाचाच हात नव्हता. आया बाळाला पुसत होती, कारण तिला दुसरं काही सांगितलंच नव्हतं. पुढे जीप आली. जीपमध्ये तिच्या सासूने मला विचारलं, ‘‘बाय, हिचे हात इतके थंड कित्याक पडले?’’ मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी पोचण्याआधीच ती गेली.

त्या वर्षी परीक्षेत प्रसूतीच्या तिसऱ्या अवस्थेवरचा प्रश्न मी उत्तम सोडवला होता. पिशवी चोळून घट्ट करायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, सलाइन लावायची, वार पूर्ण आहे का पाहायचं, हे सगळं मला पाठ होतं. पाठ नव्हतं ते एवढंच, की जागा सोडायची नाही. आयेला पाठवायचं आणि आपण हात पोटावर ठेवायचा. हे वाक्य तेव्हाच्या आमच्या पुस्तकात नव्हतं, आणि असतं तरी रात्री दोन वाजता आठवलं असतं असं मला वाटत नाही.

आणि ‘साधारण’ हा शब्द. तो शब्द मी का लिहिला याचा विचार मी फार वर्षं केला. डोळा फसतो हे खरंच. रक्त कापडात मुरतं, पाणमोटीच्या पाण्यात मिसळतं, खाटेखाली जातं. पण लहान आकडा लिहिण्यात एक सोयही असते. मोठा आकडा लिहिला की डॉक्टरांना उठवावं लागतं, गाडी मागवावी लागते, नातेवाइकांना उत्तर द्यावं लागतं, आणि सगळं ठीक निघालं तर ‘उगाच घाबरते’ असा शिक्का बसतो. हाताखालच्या माणसाला हा शिक्का फार महाग पडतो. म्हणून डोळा आधीच सौम्य होतो.

डोळ्यावर विसंबू नये, हे आकड्यांनिशी दाखवणाऱ्यांत आमच्या घाटमाथ्यावरचं बेळगाव पुढे होतं, याचा मला शेजारधर्मापलीकडचा अभिमान आहे. आंबोली चढून गेलं की बेळगाव. आमची भाजी तिथून खाली उतरते, आणि आमचे रोगी तिकडे वर जातात. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड डर्मन यांच्याबरोबर २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात एक अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना बाळ जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉलची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. तेव्हा तिथल्या घरगुती बाळंतपणात पिशवी आवळणारं इंजेक्शन नसे. बाळंतपणं करणाऱ्या, गोळी देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या २५ एएनएम. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : नुसती गोळी घेतलेल्यांत १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १.२ वरून ०.२ टक्क्यांवर आलं. अंग थरथरणं आणि ताप हे त्रास औषधाने वाढले, पण ते सोसण्याजोगे होते. १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र गोळी नव्हे, झोळी. रक्त नेमकं मोजायचं तर ते जमवायला हवं. म्हणून या मंडळींनी पारदर्शक प्लॅस्टिकचं एक साधन तयार केलं. पाणमोटीचं पाणी वाहून गेलं की ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवून पोटाशी बांधायचं. खाली लोंबणाऱ्या नरसाळ्यासारख्या झोळीत रक्त जमतं आणि झोळीवरच्या खुणांवर आकडा दिसतो. अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. ही झोळी आणि नेहमीचा डोळ्याचा अंदाज यांची तुलनाही त्यांनी छापली : डोळ्याने केलेला अंदाज झोळीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. माझ्या पडवीतल्या लुगड्याने सांगितलं ते याहून वाईट होतं, पण लुगडं ही काही प्रयोगशाळा नव्हे.

खुणेवरचा आकडा दिसला की कनिष्ठ नर्सला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे आधार. ‘मला वाटतं जास्त जातंय’ असं म्हणणाऱ्या मुलीला गप्प करता येतं. ‘पाचशेच्या वर गेलंय’ म्हणणारीला नाही.

माप हे पहिलं. त्यानंतर हात आणि तोंड. ज्या कामाची संधी क्वचित येते आणि आली की चुकायला जागा नसते, ते काम खोट्या प्रसंगावर शिकवावं, ही कल्पना अठराव्या शतकाइतकी जुनी आहे. फ्रान्समधल्या मादाम द्यु कुद्रे या सुईणीला १७५९ साली पंधराव्या लुई राजाने देशभर फिरून शिकवण्याचा परवाना दिला. ती कापूस भरलेली, कापडाची शिवलेली कंबर आणि बाहुलीचं बाळ घेऊन वीसेक वर्षं गावोगाव हिंडली आणि खेड्यातल्या हजारो बायकांना तिने त्यावर शिकवलं. पाणी आणि रक्त वाहताना दाखवायला तिने रंगीत द्रवाची सोयही केली होती. म्हणजे माझं आगळ काही नवं नाही. आज वापरतात ती बाहुली नॉर्वेतल्या लेर्डाल कंपनीची. ही मंडळी मुळात खेळणी करणारी. तिचं नाव मामा नॅटली. ती शिकवणारीनेच पोटाला बांधायची असते, आत रक्ताची टाकी, बाळ आणि वार. पोट बांधलेली बाई बोलू शकते, विव्हळू शकते, ‘मला सोडून जाऊ नका’ म्हणू शकते, आणि त्यामुळे समोरच्या नर्सला मांसाच्या गोळ्याशी नव्हे, माणसाशी बोलत काम करावं लागतं.

अशा तालमीत पाहायचं ते ज्ञान नव्हे, क्रम आणि वाटणी. बाई पांढरी पडू लागली की पहिली हाक कोण मारणार, आणि हाक म्हणजे नुसतं ‘अगं या गं’ नव्हे. ‘मावशी, तुम्ही डॉक्टरांना फोन करा, सुनीता, तू सलाइन लाव’ असं नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं त्याने काम ऐकून मोठ्याने परत म्हणायचं. एकीचा हात पोटावरून हलायचा नाही. एकीने घड्याळ बघून लिहायचं. पिशवी आवळणारं औषध, रक्त गोठवायला मदत करणारं ट्रानेक्झॅमिक अॅसिड, सलाइन, वार आणि जखम तपासणं ही सगळी कामं एकामागून एक वाट बघत नाहीत, एकदमच सुरू होतात. ट्रानेक्झॅमिकचं तर वेळेशी सरळ गणित आहे. २०१७ साली २१ देशांतल्या वीस हजारांवर बायकांच्या अभ्यासात दिसलं, की ते तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटतात. आणि नंतरच्या विश्लेषणानुसार दर पंधरा मिनिटांच्या उशिराला त्याचा फायदा दहा टक्क्यांनी घसरतो.

हे सगळं एकत्र बांधलं की काय होतं, ते २०२३ साली आफ्रिकेतून कळलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत, दोन लाख दहा हजारांवर बायकांवर, ‘ई-मोटिव्ह’ नावाचा अभ्यास झाला. निम्म्या रुग्णालयांत बेळगावसारखी खुणांची झोळी दिली, उपचार एका जुडीत बांधून दिले आणि त्याची तालीम कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या प्रसूती कक्षात घेतली. तीनशे मिलिलिटर आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर, नाहीतर पाचशेला, हात चालू करायचे. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत निम्मे अतिरक्तस्राव ओळखलेच जात नव्हते. झोळीच्या रुग्णालयांत ९३ टक्के ओळखले गेले. एक लिटरवर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, या तिन्हींचं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यातलं एकही औषध नवं नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण प्रशिक्षणाच्या नावाने शिट्टी वाजवणं सोपं आहे. बेळगावच्याच डॉक्टरांच्या सहभागाने कर्नाटकातल्या एका उपजिल्हा पातळीवरच्या प्रसूती केंद्रात सुरक्षित बाळंतपणाच्या कामांची यादी वापरून पाहिली होती. २९ आवश्यक कामांपैकी आधी सरासरी १० होत, नंतर २५ होऊ लागली. तीच यादी पुढे उत्तर प्रदेशात १२० केंद्रांच्या, दीड लाखाहून अधिक बायकांच्या अभ्यासात निम्म्या केंद्रांत, जोडीला शिकवणाऱ्या मार्गदर्शकांसह नेली. मार्गदर्शक येत होते तोवर, दोन महिन्यांनी, ७३ टक्के कामं होत होती. ते गेल्यावर, बाराव्या महिन्यात, ६२ टक्के. आणि मृत्यू? त्यांत फरक पडला नाही. याचा अर्थ यादी वाईट, असा मी लावत नाही. यादीत हात धुण्याची खूण करता येते. रक्त वाहत असताना कोण कुठे उभं राहणार हे यादी शिकवत नाही, आणि नसलेलं औषध, नसलेलं रक्त, नसलेला सर्जन ती आणून देत नाही.

बाळाच्या बाजूचा एक अनुभवही बेळगावचाच. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायला शिकवणारा बाहुलीवरचा छोटा अभ्यासक्रम तिथे ५९९ जणींना-जणांना दिला. मृत जन्म ३ टक्क्यांवरून २.३ वर आले, आणि ताजे मृत जन्म, म्हणजे बाळंतपणातच गेलेली किंवा गेली असं समजून बाजूला ठेवलेली बाळं, १.७ वरून ०.९ वर. पहिल्या महिन्यातले मृत्यू मात्र तेवढेच राहिले. आकड्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. पहिल्या मिनिटाचं शिक्षण पहिल्या मिनिटापुरतंच असतं.

आमच्याकडे नियमही बदलले. २००५ साली केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएमला अशा प्रसंगी पिशवी आवळणारं औषध आणि झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा स्वतः द्यायची मुभा दिली. २०१० मध्ये त्या सूचना सुधारल्या. २०१५ मध्ये ‘दक्षता’, २०१७ च्या डिसेंबरात ‘लक्ष्य’ असे प्रसूती कक्षांचे सरकारी कार्यक्रम आले. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३. त्याचं श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देणं लबाडी होईल. रस्ते, १०८ची गाडी, रक्तपेढ्या, कमी मुलं, दवाखान्यातली बाळंतपणं, सगळ्यांचा वाटा त्यात आहे. पण १९८४ मधल्या माझ्या कमरेच्या किल्लीला आज कायद्याने अर्थ आला, हे मी विसरू शकत नाही.

मसुऱ्याची अडचण आता उलटी आहे. माझ्या आजीच्या काळी गडनदीच्या काठच्या वाड्यांतली बाळंतपणं सुईण करायची. वार पडेना तर बाळंतिणीच्याच वेणीचं टोक तिच्या तोंडात घालायचं, ओकारी येऊन पोट आवळावं म्हणून. चुकीचे स्नायू आवळायचे ते, पण काहीतरी आवळायला हवं हे तिला कळलेलं होतं. बाळाला लगेच छातीशी धरलं असतं तर पिशवी आपोआप आवळायला मदत झाली असती. पण पहिलं दूध वाईट म्हणून पिळून टाकायचे. आता सुईण नाही. पोरी कणकवलीला, ओरोसला, कुणी थेट गोव्यात बांबोळीला जाऊन बाळंत होतात, आणि ते योग्यच आहे. गावात मुळात मुलंच थोडी. म्हणून खेड्यातल्या नर्सच्या हातून बाळंतपणं फार कमी होतात, आणि दरवेळी कुणीतरी म्हणतं, मग हिला शिकवायचं कशाला?

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या नर्सचे हात रोजच्या कामाने तयार राहतात. इथे जुलैच्या रात्री, वीज गेलेली, आंगणेवाडीच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून कळा सुरू झालेली बाई रिक्षातून येते, पुढे नेण्याइतका वेळ नसतो. तिच्यासमोर जी नर्स असते तिने कदाचित वर्षभरात असा प्रसंग पाहिलेला नसतो. शिकलेलं काही महिन्यांत ओसरतं, हे जगभर दिसलेलं आहे. म्हणजे जिथे बाळंतपणं कमी तिथे तालमी जास्त हव्यात. मोठं शिबिर, बॅनर, जेवण आणि प्रमाणपत्र वर्षातून एकदा, यापेक्षा महिन्यातून एकदा वीस मिनिटं, स्वतःच्याच टेबलाजवळ, स्वतःच्याच कपाटाची किल्ली शोधत. किल्ली सापडायला किती वेळ लागला हे घड्याळावर पाहिलं की पुढच्या महिन्यात ती दाराशी खिळ्याला टांगलेली दिसते. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. फ्रिज किती तास बंद होता हे कुणी लिहितं का, हेही तालमीतच लक्षात येतं. मिसोप्रोस्टॉलला फ्रिज लागत नाही, पण दमट हवा त्याला चालत नाही, आणि कोकणात दमट हवेखेरीज दुसरी हवा नाही. गोळी पाकिटातून वेळ आल्यावरच काढायची.

पडवीतल्या त्या दिवशी आम्ही लुगडं चार वेळा पिळून पुन्हा ओतलं. दुसऱ्या फेरीला अंदाज वाढले, तिसऱ्याला जरा जास्तच वाढले, चौथ्याला सहांपैकी चार जणी शंभरच्या फरकात आल्या. मग मी पोटाला उशी बांधून खाटेवर आडवी झाले आणि त्यांना सांगितलं, मला रक्त जातंय. दोघी दाराकडे धावल्या. दोन पेले म्हणणारी आशाताई तेवढी जागची हलली नाही. तिने हात उशीवर दाबून ठेवला, बाहेर धावणाऱ्यांपैकी एकीला नाव घेऊन परत बोलावलं, आणि मला म्हणाली, ‘‘घाबरा नको गे मावशी, मी हंयच आसंय.’’

लुगडं मी तिलाच दिलं. सोबत अर्ध्या लिटरचं मापही. आगळ तिच्या घरचं.